थंडरबर्ड पूर्ण काढून परत स्वच्छ टाकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडरबर्ड (कॉम्प्युटरवर मेल वाचायचा-पाठवायचा मोझिलाचा प्रोग्राम) हँग होतंय, मेल येत नाहीयेत, उघडतच नाहीये, अशा वेळी बहुतेक जण अनइन्स्टॉल करून परत टाकतात आणि प्रॉब्लेम तिथल्या तिथेच राहतो. काही जण मात्र घाईघाईत सगळंच डिलीट करून बसतात आणि मग दहा वर्षांचे मेल गेले म्हणून हात चोळत बसायची वेळ येते. दोन्ही टाळता येतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिलंय. एकच विनंती, बॅकअपचा प्रश्न वाचल्याशिवाय काहीही डिलीट करू नका.

फोल्डर, फाइल आणि कमांडची नावं इथे मराठी अक्षरात आहेत, कॉम्प्युटरवर टाइप करताना ती इंग्रजी अक्षरातच टाका.

अनइन्स्टॉल करून परत टाकलं तरी सेम प्रॉब्लेम येतोय, असं का?

कारण तुम्ही फक्त प्रोग्राम काढला, तुमचा डेटा जिथे होता तिथेच राहिला. प्रोग्राम असतो प्रोग्राम फाइल्समध्ये, आणि तुमची अकाउंटं, सेटिंग्ज, पासवर्ड, ॲड्रेस बुक, ॲड-ऑन (वरून जोडलेल्या जादा सोयी), उतरवलेले मेल हे सगळं असतं वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याला प्रोफाइल म्हणतात. अनइन्स्टॉलर प्रोफाइलला हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर रोज कुणाचे तरी मेल उडाले असते. आता गडबड बहुतेक वेळा प्रोफाइलमध्येच असते, म्हणजे बिघडलेली इंडेक्स फाइल, जुनं ॲड-ऑन, नाहीतर चुकलेलं सेटिंग. नवीन प्रोग्राम आला, त्याने तोच जुना प्रोफाइल उचलला, आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

म्हणजे अनइन्स्टॉल केल्याने मेल जात नाहीत ना?

विंडोज आणि मॅकवर नुसत्या अनइन्स्टॉलने जात नाहीत. लिनक्सवर स्नॅप (ॲप टाकायचा एक प्रकार) असेल तर गोष्ट वेगळी आहे, तो प्रश्न खाली आहे, आधी वाचा.

मग पूर्ण काढायची खरंच गरज आहे का?

माझं स्पष्ट मत, बहुतेक वेळा नाही. आधी या गोष्टी करून बघा.

मेन्यूतल्या हेल्पमध्ये ट्रबलशूट मोड आहे (जुन्या व्हर्जनमध्ये सेफ मोड म्हणायचे), थंडरबर्डच उघडत नसेल तर विंडोजवर शिफ्ट दाबून धरून आणि मॅकवर ऑप्शन दाबून धरून सुरू करा. या मोडमध्ये ॲड-ऑन बंद असतात. इथे नीट चाललं तर दोष ॲड-ऑनचा, एकेक बंद करून कुठलं ते शोधा, काम झालं.

एकाच फोल्डरमध्ये गडबड असेल, म्हणजे मेलवर क्लिक केलं की दुसराच मेल उघडतोय किंवा यादी अर्धवट दिसतेय, तर त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि रिपेअर फोल्डर. त्याने यादीची इंडेक्स फाइल नव्याने बनते.

हे करूनही जमलं नाही तर नवीन प्रोफाइल बनवून बघा. विंडोज आणि आर दाबा, जी छोटी खिडकी येते तिच्यात थंडरबर्ड डॉट ईएक्सई, मग स्पेस, मग डॅश आणि कॅपिटल पी टाइप करून एंटर मारा. थंडरबर्ड आधीपासून चालू असेल तर बंद करून घ्या. प्रोफाइल मॅनेजर उघडेल, तिथे क्रिएट प्रोफाइल करून नाव द्या आणि त्यात सुरू करा. कोरं थंडरबर्ड समोर येईल, जुना प्रोफाइल शाबूत राहील. यात एक अकाउंट टाकून बघा. नीट चाललं तर प्रोग्राम ठणठणीत आहे आणि तुम्हाला काही अनइन्स्टॉल करायची गरजच नाही, नवीन प्रोफाइल हेच तुमचं क्लीन इन्स्टॉल. कोऱ्या प्रोफाइलमध्येही क्रॅश होत असेल तरच प्रोग्राम काढून परत टाकण्यात अर्थ आहे.

तेच प्रोफाइल मॅनेजर डिलीट प्रोफाइल करताना फाइल्सही डिलीट करू का असं विचारतं, तिथे चुकूनही हो म्हणू नका.

माझं अकाउंट आयमॅप आहे की पॉप, कसं कळणार आणि फरक काय पडतो?

अकाउंट सेटिंग्जमध्ये जा, अकाउंटच्या नावाखाली सर्व्हर सेटिंग्ज आहे, तिथे सगळ्यात वर सर्व्हर टाइप लिहिलेलं असतं.

फरक खूप पडतो. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतात, तुमच्याकडे त्याची प्रत, त्यामुळे नव्याने अकाउंट टाकलं की सगळं परत उतरतं, वेळ लागेल तेवढाच. पॉपमध्ये मेल तुमच्या कॉम्प्युटरवर उतरतो आणि सर्व्हरवरून थोड्या दिवसांनी काढून टाकला जाऊ शकतो, डीफॉल्ट सेटिंग साधारण १४ दिवसांचं असतं. म्हणजे जुन्या मेलची जगात एकच प्रत, आणि ती तुमच्या प्रोफाइलमध्ये. पॉपवाल्यांनी बॅकअपशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

आणि आयमॅपवाल्यांनीही निर्धास्त होऊ नका. लोकल फोल्डर्स म्हणून जे डाव्या बाजूला खाली दिसतं ना, त्यात हलवलेले मेल फक्त तुमच्या मशीनवर असतात. सर्व्हरची जागा भरली म्हणून जुने मेल तिकडे सरकवणारे खूप जण असतात आणि नंतर ते विसरूनही जातात.

प्रोफाइल फोल्डर सापडतच नाहीये, कुठे असतो?

सगळ्यात सोपं म्हणजे थंडरबर्ड उघडत असेल तर हेल्प, मग ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर बटण असतं, दाबलं की थेट तिथेच नेतं. यानेच शोधा, कारण एकापेक्षा जास्त प्रोफाइल असतील तर सध्या वापरात कुठला आहे ते याच्यानेच नक्की कळतं.

उघडतच नसेल तर विंडोजवर विंडोज-आर करून पर्सेंटचं चिन्ह, ॲपडेटा, परत पर्सेंटचं चिन्ह असं टाइप करून एंटर मारा, रोमिंग नावाचा फोल्डर उघडेल, त्यात थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स. हा भाग लपवलेला असतो म्हणून साधं सी ड्राइव्हमध्ये शोधत बसलात तर दिसणार नाही. मॅकवर फाइंडरच्या गो मेन्यूत ऑप्शन दाबून धरलं की लायब्ररी दिसतं, त्यात थंडरबर्ड. लिनक्सवर होम फोल्डरमध्ये डॉट थंडरबर्ड, स्नॅप असेल तर होममधल्या स्नॅप फोल्डरमध्ये थंडरबर्ड, मग कॉमन, आणि फ्लॅटपॅक (स्नॅपसारखाच दुसरा प्रकार) असेल तर होममधल्या डॉट व्हार फोल्डरमध्ये.

त्या फोल्डरमध्ये एवढ्या फाइल्स आहेत, नक्की काय काय असतं?

एकदा शांतपणे बघून घ्या, भीती कमी होते.

फोल्डरचं नावच विचित्र असतं, आठ अक्षरं-आकडे काहीतरी, मग डॉट, मग डीफॉल्ट-रिलीज वगैरे. आत मेल नावाचा फोल्डर, त्यात पॉपचे मेल आणि लोकल फोल्डर्स. शेजारी आयमॅपमेल, त्यात आयमॅपच्या प्रती. त्यांच्या आत गेलात की इनबॉक्स, सेंट अशा फाइल्स दिसतील ज्यांना एक्स्टेन्शनच नाही, साइज मात्र कधीकधी दोन-तीन जीबी. तेच तुमचे मेल. सगळे मेल एकाखाली एक चिकटवलेली ती एक लांबलचक टेक्स्ट फाइल असते, एमबॉक्स म्हणतात. तिच्याच शेजारी त्याच नावाची एमएसएफ एक्स्टेन्शनची छोटी फाइल असते, ती फक्त इंडेक्स, गेली तरी परत बनते. एसबीडी एक्स्टेन्शन असलेला फोल्डर म्हणजे सब-फोल्डर.

बाहेरच्या बाजूला प्रेफ्स डॉट जेएस म्हणजे सगळी सेटिंग्ज, गडबडीचं मूळ बऱ्याचदा याच्यातच असतं. एबुक डॉट एसक्यूलाइट हे ॲड्रेस बुक. लॉगिन्स डॉट जेसन आणि की४ डॉट डीबी हे दोन्ही मिळून पासवर्ड, एक नेलं आणि दुसरं राहिलं तर उपयोग शून्य. कॅलेंडर-डेटा फोल्डरमध्ये कॅलेंडर. ग्लोबल-मेसेजेस-डीबी ही सर्चची फाइल, ही बरीच मोठी होते आणि सर्च नीट चालत नसेल तर थंडरबर्ड बंद करून फक्त हीच डिलीट केली तरी चालतं, आपोआप नवीन बनते.

बॅकअप कसा घ्यायचा?

थंडरबर्ड पूर्ण बंद करा. खिडकी बंद झाली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं धरू नका, टास्क मॅनेजरमध्ये बघा, मागे चालू राहिलेलं असतं कधीकधी. मग रोमिंगमधला अख्खा थंडरबर्ड फोल्डर कॉपी करा, नुसता आतला प्रोफाइल नाही, कारण प्रोफाइल्स डॉट आयएनआय ही फाइल बाहेर असते आणि कुठला प्रोफाइल कुठे आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं.

टूल्समध्ये एक्स्पोर्टचा पर्याय आहे, तो प्रोफाइलची झिप बनवून देतो, पण २ जीबीच्या वर प्रोफाइल गेला की ते चालत नाही, मग हातानेच कॉपी करावं लागतं. मी तर म्हणेन कायम हातानेच करा, काय गेलं काय राहिलं ते डोळ्यांसमोर असतं.

पेन ड्राइव्हवर कॉपी करताना मधेच फाइल टू लार्ज म्हणून थांबलं तर पेन ड्राइव्ह फॅट-३२ आहे, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, ड्राइव्हवर जागा कितीही असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आधी त्याच्यावरचं काढून घ्या) किंवा दुसऱ्या हार्ड डिस्कवर टाका. कॉपी झाल्यावर दोन्ही फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या आणि साइज जुळतेय का ते बघाच.

विंडोजवर पूर्ण कसं काढू?

बॅकअप झाला असेल तरच पुढे. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, मोझिला थंडरबर्ड, अनइन्स्टॉल. मग प्रोग्राम फाइल्समध्ये मोझिला थंडरबर्ड नावाचा फोल्डर उरला असेल तर डिलीट करा. यादीत मोझिला मेंटेनन्स सर्व्हिस नावाची वेगळी एंट्री दिसेल, फायरफॉक्स वापरत असाल तर ती राहू द्या, त्यालाही लागते.

आता खरं काम. रोमिंगमधल्या थंडरबर्ड फोल्डरचं नाव बदला, थंडरबर्ड-जुना असं काहीतरी. डिलीट करू नका, नुसतं नाव बदललं तरी नवीन थंडरबर्डला तो सापडत नाही आणि ते कोरंच सुरू होतं, वर परतीची वाटही उघडी राहते. ॲपडेटातल्या लोकल नावाच्या फोल्डरमध्येही (रोमिंगच्या शेजारी असतो) एक थंडरबर्ड फोल्डर असतो, त्यात फक्त कॅश, म्हणजे तात्पुरत्या फाइल्स असतात, तो बिनधास्त उडवा. रिस्टार्ट करा आणि मग परत टाका.

रजिस्ट्री क्लीनर चालवू का?

नको. थंडरबर्ड तुमची सेटिंग्ज रजिस्ट्रीत (विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या वहीत) ठेवत नाही, प्रोफाइलमध्ये ठेवतं. रजिस्ट्रीत उरलेल्या दोन-चार नोंदींनी काही बिघडत नाही, उलट क्लीनरने भलतंच काही उडवलं तर विंडोजच अडचणीत येईल.

मॅकवर?

ॲप्लिकेशन्समधून ट्रॅशमध्ये टाका, लायब्ररीतल्या थंडरबर्ड फोल्डरचं नाव बदला, लायब्ररीतल्या कॅशेसमधला थंडरबर्ड फोल्डर डिलीट करा. एवढंच. ॲपलचं स्वतःचं मेल ॲप मात्र सिस्टिमचाच भाग आहे, ते असं काढता येत नाही.

लिनक्सवर?

इथे तुमचं थंडरबर्ड कुठल्या प्रकारचं आहे ते आधी बघा. एपीटीने (उबुंटू-डेबियनची नेहमीची इन्स्टॉल कमांड) टाकलेलं असेल तर रिमूव्ह करा किंवा पर्ज करा, होममधला प्रोफाइल तसाच राहतो. पर्ज म्हटल्यावर लोकांना वाटतं सगळं साफ झालं, पण ते फक्त सिस्टिममधल्या कॉन्फिग फाइल्सपुरतं असतं.

स्नॅप उलटं वागतं. स्नॅप रिमूव्ह केलं की तुमच्या होममधला त्या ॲपचा डेटाही जातो, म्हणजे प्रोफाइलसकट. आणि उबुंटू २४.०४ पासून थंडरबर्ड स्नॅप म्हणूनच येतं, त्यामुळे बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. एक आधार आहे, काढताना स्नॅप आपोआप स्नॅपशॉट (डेटाची त्या वेळची प्रत) घेतं आणि तो ३१ दिवस ठेवतं, स्नॅप सेव्हड या कमांडने यादी दिसते आणि स्नॅप रिस्टोअरने परत आणता येतो. पण काढताना सोबत पर्जचा पर्याय दिलात तर तो स्नॅपशॉटही घेतला जात नाही. म्हणून स्नॅपवाल्यांनी आधी प्रोफाइल स्नॅप फोल्डरच्या बाहेर कॉपी करायचा, मगच कमांड मारायची.

परत टाकताना काय काळजी घ्यायची?

थंडरबर्डच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींवरून किंवा फुकट सॉफ्टवेअरच्या साइटवरून नको. आधी होतं त्यापेक्षा जुनं व्हर्जन टाकू नका, नव्या व्हर्जनने वापरलेला प्रोफाइल जुनं व्हर्जन उघडत नाही, नवीन प्रोफाइल बनवा म्हणून सांगतं. आणि फोल्डर बदलू नका, इन्स्टॉलर जी जागा सुचवतो तीच ठेवा, कारण पुढचा प्रश्न.

मी जुना प्रोफाइल तसाच ठेवला होता, तरी परत टाकल्यावर सगळं रिकामं! मेल गेले?

बहुतेक गेले नाहीत. थंडरबर्ड प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळा प्रोफाइल जोडतं, आणि ते इन्स्टॉलेशन कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्यावरून ओळखतं. आधी ३२ बिट होतं आणि आता ६४ बिट टाकलं, किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर टाकलं, तर त्याच्या दृष्टीने हे नवीनच इन्स्टॉलेशन, म्हणून नवीन कोरा प्रोफाइल. वर सांगितलेलं प्रोफाइल मॅनेजर उघडा, यादीत दोन-तीन नावं दिसतील, जुनं निवडून सुरू करा. घाबरून लगेच अकाउंट परत टाकायला घेऊ नका, त्याने गोंधळ वाढतो.

पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाहीये.

जीमेल असेल तर लॉगिनची पद्धत ओऑथ२ पाहिजे, नॉर्मल पासवर्ड चालत नाही. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक अकाउंटना नुसत्या पासवर्डने आत येऊ देणं बंद केलं, आणि आउटलुक डॉट कॉमनेही १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. ओऑथ२ निवडलं की ब्राउझरसारखी खिडकी येते, तिथे लॉगिन करून परवानगी द्यायची. ती खिडकी कोरीच राहत असेल तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये कुकीज बंद आहेत का बघा. ओऑथ२ चा पर्यायच नसेल पण टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू असेल तर गूगलमध्ये १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड बनवता येतो.

बाकीच्यांसाठी सर्व्हर सेटिंग्जमधला पोर्ट (सर्व्हरशी जोडायचा नंबर) तपासा. आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, दोन्हीला एसएसएल (जोडणी सुरक्षित करायची पद्धत). पाठवायला ४६५ असेल तर एसएसएल आणि ५८७ असेल तर स्टार्ट-टीएलएस. मेल येतायत पण जात नाहीयेत असं असेल तर नव्वद टक्के लक्ष याच शेवटच्या ओळीवर द्या.

कोऱ्या प्रोफाइलमध्ये जुने मेल कसे आणू?

अख्खा जुना प्रोफाइल आणून टाकलात तर जुना दोषही सोबत आला, मग एवढी मेहनत कशाला केली. लागेल तेवढंच उचला.

मेलसाठी, नवीन थंडरबर्ड एकदा उघडून बंद करा म्हणजे फोल्डर तयार होतात. मग जुन्या मेल फोल्डरमधल्या एक्स्टेन्शन नसलेल्या फाइल्स (आणि एसबीडी फोल्डर) नवीन प्रोफाइलच्या मेलमधल्या लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करा, एमएसएफ फाइल्स सोडून द्या. नाव आधी बदला, इनबॉक्सचं जुना-इनबॉक्स करा, म्हणजे कशावर काही बसणार नाही. थंडरबर्ड उघडलं की डावीकडे ते फोल्डर दिसतील, आत मेल असतील, पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, इंडेक्स बनत असतो.

ॲड्रेस बुक जुन्या थंडरबर्डमधून एक्स्पोर्ट करून आणता आलं तर उत्तम, नाहीतर एबुकची फाइल कॉपी करा. पासवर्डच्या दोन फाइल्स आणता येतात, पण मी म्हणेन पासवर्ड नव्यानेच टाका. फिल्टर प्रत्येक अकाउंटच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलमध्ये असतात, आणता येतात, मात्र त्यांच्यात फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे आणल्यावर एकेक उघडून तो बरोबर फोल्डर दाखवतोय का बघावं लागतं. प्रेफ्स डॉट जेएस आणू नका.

पॉपवर परत अकाउंट टाकलं आणि जुने मेल दुसऱ्यांदा उतरायला लागले.

कुठला मेल आधीच उतरवलाय हे पॉपस्टेट डॉट डॅट नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, नवीन प्रोफाइलमध्ये ती नसते, म्हणून सर्व्हरवर जे जे उरलंय ते सगळं परत येतं. अकाउंट टाकल्यावर थंडरबर्ड बंद करून जुनी फाइल त्याच सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवलीत तर थांबतं. आधीच उतरले असतील तर डुप्लिकेट काढणारं ॲड-ऑन मिळतं.

अँटिव्हायरसने इनबॉक्सच उचलून नेला, असं होऊ शकतं?

होऊ शकतं. वर सांगितलं ना, अख्खा इनबॉक्स म्हणजे एकच फाइल, तर एका मेलमध्ये व्हायरस सापडला की काही अँटिव्हायरस पूर्ण फाइलच क्वारंटाइन करतात, म्हणजे वेगळी कोंडून ठेवतात, आणि इनबॉक्स रिकामा दिसायला लागतो. अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये बघा, तिथून रिस्टोअर होते. मग थंडरबर्डच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये अँटिव्हायरसला एकेक मेल वेगळा तपासू देण्याचा पर्याय आहे तो चालू करा.

आउटलुकचंही असंच करायचं का?

तत्त्व तेच, तपशील वेगळे. क्लासिक आउटलुक ऑफिससोबत येतं, म्हणून काढायचं म्हटलं तर बहुतेक वेळा अख्खं ऑफिस निघतं. त्याआधी ऑफिसचं ऑनलाइन रिपेअर आणि कंट्रोल पॅनेलमधल्या मेलमध्ये जाऊन नवीन प्रोफाइल, या दोन गोष्टी करा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. पीएसटी फाइल म्हणजे तुमचा मूळ डेटा, डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्समध्ये असते, ती आधी वाचवा. ओएसटी ही सर्व्हरची प्रत, ती परत बनते असं सगळे सांगतात, पण आयमॅप अकाउंट असेल तर ज्या कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्ससमोर धिस कॉम्प्युटर ओन्ली लिहिलेलं असतं ते फक्त त्या ओएसटीतच असतात, सर्व्हरवर नसतात. ते आधी पीएसटीत एक्स्पोर्ट करा. सिग्नेचर रोमिंगमधल्या मायक्रोसॉफ्ट फोल्डरमध्ये वेगळ्या असतात, त्याही कॉपी करून ठेवा.

सगळं नीट चालतंय, आता थंडरबर्ड-जुना डिलीट करू का?

लगेच नको. काही आठवडे रोजचं काम करा, जुना एखादा मेल शोधून बघा, वर्षापूर्वीच्या मेलची अटॅचमेंट उघडून बघा, ॲड्रेस बुकमधले ग्रुप आहेत का बघा, आणि महिन्यातून एकदाच लागणारा एखादा फोल्डर असेल तर तोही उघडा. मग मशीनवरचा डिलीट करा, बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप मात्र जागा असेल तोवर राहू द्या.